रविवारची आई

लेक दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, बाहेर मुसळधार पाऊस, घड्याळात सहा पस्तीस. पावणेसातला खाली व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजणार आणि सात दहाला शाळेची घंटा. गॅसवर शेवटची पोळी. ओट्यावर डबा उघडा, भेंडीची वाफ जायला ठेवलेला, कारण गरम भाजीवर झाकण लावलं की डब्याला पाणी सुटतं. लेक सोफ्यावर बसली होती. एका पायात मोजा, दुसरा हातात आणि डोळे मिटलेले. बसल्या बसल्या झोपली होती. मी तिला दंडाला धरून उभं केलं आणि वेणी घालायला घेतली. केसांत गुंता होता. एरवी मी गुंता बोटांनी सोडवते. त्या दिवशी मी कंगवा सरळ खाली ओढला. ती कळवळली आणि मी ओरडले, "रोजचं झालंय हे तुझं! तुझ्यामुळे मला रोज उशीर होतो!"

ती रडली नाही. जिना उतरताना माझं बोट धरून, पायऱ्या मोजत असावी तशी खाली बघत म्हणाली, "आई, तू रविवारी छान असतेस."

त्यात तक्रार नव्हती. आज चित्रकलेचा तास आहे, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

त्या दिवशी डोंबिवलीहून लोकलमध्ये चढले आणि दादर येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आधी वाटलं ते कुठल्याही आईला वाटेल तेच. आपण वाईट आई आहोत, आपल्याला स्वतःला बदलायला हवं. मग मी बदलायला लागले. राग आला की दहापर्यंत आकडे मोजायचे, सकाळी उठल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, रात्री झोपताना आजचा दिवस आठवायचा. पालकत्वावरच्या एका कार्यशाळेला शनिवारी जाऊन आले. यातलं काही टाकाऊ नाही. आकडे मोजण्याचा तर मला फायदाही झाला. पण सोमवार उजाडला की पुन्हा तेच सहा पस्तीस, तोच मोजा, तोच माझा चढलेला आवाज.

तिच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग माझ्या लक्षात यायला काही महिने गेले. रविवारी मी छान असते. म्हणजे छान असणं मला जमतं. रविवारीही मी तीच बाई असते, स्वभाव तोच, आणि लेकही तीच, मोजे घालायला वीस मिनिटं लावणारी. रविवारी ती एका पायात चप्पल घालून गॅलरीतल्या कबुतराशी बोलत बसते तेव्हा मी हसते. बुधवारी तिने तेच केलं तर माझ्या तोंडून आग निघते. मध्ये फरक पडतो तो दोन तासांच्या झोपेचा आणि खाली न वाजणाऱ्या हॉर्नचा.

म्हणून मला वाटतं, घरातल्या शांततेचा विचार आपण चुकीच्या टोकापासून करतो आहोत. मनःशांती ही ज्याने त्याने आपापल्या मनात शोधायची वस्तू आहे, असं आपण धरून चालतो. ज्याला ती सापडत नाही त्याचा स्वभाव कमी पडला, त्याची साधना कमी पडली, असं ठरवतो. आई-बापांच्या बाबतीत तर हा निवाडा फारच लवकर होतो. पण लहान मुलांच्या घरातली शांतता मोठ्या प्रमाणावर वेळापत्रकात असते, आणि ते वेळापत्रक घर ठरवत नाही. शाळा ठरवते, कचेरी ठरवते, लोकल ठरवते. ज्या गोष्टी समाज मिळून ठरवतो, त्यांचा जाबही समाजालाच विचारायला हवा.

हे म्हणताना मी साधनेला कमी लेखत नाही. लग्नाआधी, पंचविशीत, मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा, रात्री साडेनऊला दिवे बंद. फोन जमा, आर्य मौन म्हणजे बोलणं पूर्ण बंद, शेजारच्या बाईच्या डोळ्याला डोळाही भिडवायचा नाही. पहिले तीन दिवस पाठ आणि गुडघे यांच्यापलीकडे मला काही कळलं नाही. नंतर मात्र एक गोष्ट कळली आणि ती आजवर उपयोगी पडते आहे. राग मनात येण्याआधी अंगात येतो. माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात, श्वास आखूड होतो, जीभ टाळूला चिकटते. हे ओळखता आलं की ओरडण्याआधी एखादा क्षण हाताशी येतो. तो क्षण मला तिथे मिळाला आणि त्याबद्दल मी कायमची ऋणी आहे.

पण आई झाल्यावर त्या दहा दिवसांकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्या दहा दिवसांत भात कोणी शिजवला? घंटा कोणी वाजवली? ताटं, पाणी, अंथरूण, संडास-बाथरूमची स्वच्छता, कुठे किती वाजता बसायचं याची व्यवस्था कोणी लावली? तिथे धम्मसेवक असतात, तेही आधी शिबिर करून गेलेले, मोबदला न घेता राबणारे. जुने साधक दान देतात म्हणून नव्या साधकाला एक पैसा द्यावा लागत नाही. म्हणजे मला मिळालेली ती शांतता पुष्कळ माणसांनी मिळून माझ्यासाठी मांडून ठेवली होती. मी फक्त आत जाऊन बसले. हे ज्यांनी ओळखलं त्यांनी शिबिराची सुरुवातच वेळापत्रकाने केली. साधकाला आधी वेळ मोकळा करून दिला आणि मग सांगितलं, आता श्वास बघा. आई-बापांना मात्र आपण पावणेसातच्या हॉर्नखाली उभं करून सांगतो, श्वास बघा.

आता थोडा हिशेब. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मुलांच्या झोपेबद्दल एक शिफारस केली. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी. तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास. आमच्याकडे लेकीचे बाबा अंधेरीहून घरी येतात तेव्हा सव्वानऊ झालेले असतात. जेवण, दिवसभराच्या दोन गोष्टी, उद्याचं दप्तर. अंथरुणावर पाठ टेकायला पावणेअकरा. सकाळी पावणेसहाला उठायचं. झाले सात तास. कमीत कमी जेवढी झोप हवी त्याहूनही दोन तास कमी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि किमान ८०० तास भरली पाहिजे. २०० दिवस रोज दोन तास म्हणजे ४०० तास. जितके तास शिकवायचं, त्याच्या निम्मी झोप आपण त्याच पोराकडून काढून घेतो आणि मग वर्गात त्याचं लक्ष नाही म्हणून पालकसभेत बोलावणं पाठवतो.

"मग लवकर झोपवा की तिला." हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की उत्तर तोंडपाठ आहे. साडेआठला झोपवली तर तिची आणि तिच्या बाबांची सोमवार ते शुक्रवार गाठच पडणार नाही. आम्ही हा प्रयोग केला आहे, तीन आठवडे. लेकीला झोप मिळाली, सकाळी ती तरतरीत उठायची, तो फायदा खरा होता. पण शुक्रवारी रात्री बाबा आला तेव्हा झोपलेल्या पोरीच्या पायाशी बसून तिचा तळवा हातात धरून होता, आणि मला म्हणाला, "हिचा पुढचा दात पडला, आणि मला दोन दिवसांनी कळतंय." मूल झोपेल की बापाला भेटेल, यातलं एक निवडा, असा हा सौदा आहे. हा सौदा आमच्या घराने ठरवलेला नाही. साडेसातला सुटणारी कचेरी, दाराला लटकून काढलेले दीड तास आणि सात दहाची घंटा या तिघांनी मिळून तो ठरवला आहे.

वडीलधाऱ्यांचं म्हणणं वेगळं असतं. लवकर निजे, लवकर उठे. आम्ही नाही का पहाटे उठलो? माझ्या सासूबाई हे मनापासून म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात खरं आहे. पण त्या म्हणीची सुरुवात निजण्यापासून होते. त्यांच्या लहानपणी घरातले सगळे कर्ते पुरुष सातला घरी, नऊला दिवा मालवलेला. शाळा पायी दहा मिनिटांवर. वेणी घालायला आजी, काकू, मोठी बहीण, कोणीतरी मोकळं असायचंच. माझंच सांगायचं तर मी सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. शाळा साडेदहाची, पाचला सुटायची. फक्त शनिवारी सकाळची शाळा असायची आणि तिचं आम्हाला अप्रूप वाटायचं, कारण ती आठवड्यातून एकदाच यायची. सकाळी आई शेणकूर, पाणी, भाकरी उरकायची आणि मग नऊच्या सुमाराला निवांत बसून माझ्या वेण्या घालायची. ती काही माझ्याहून शांत स्वभावाची नव्हती. रागावली की गल्लीला ऐकू जायचं. पण वेणी घालताना तिने मला ओरडल्याचं आठवत नाही.

म्हणजे पहाटेची रोजची शाळा ही काही आपली परंपरा नव्हे. ती शहरात जागा अपुरी पडली म्हणून आली. एकाच इमारतीत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी भरवायची, तर पहिलीला सातला सुरू व्हावंच लागतं. ही अडचण समजण्यासारखी आहे. पण अडचणीला शिस्त म्हणायला लागलं की ती दूर करायचं कोणाच्या मनात येत नाही.

महाराष्ट्रात हा विषय एकदा सरकार-दरबारी पोचला, हे विसरता कामा नये. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी शिक्षण खात्याच्या कार्यक्रमात सांगितलं की मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या व्यवस्थापनांच्या शाळांनी, २०२४-२५ पासून. मी तो निर्णय शब्दन् शब्द वाचला. मुलांना सकाळी लवकर उठवून तयार करताना, डबा करून वेळेवर शाळेत सोडताना पालकांची ओढाताण होते, हे त्यात कारण म्हणून लिहिलेलं होतं. सरकारी कागदात माझं सहा पस्तीस पहिल्यांदा मी वाचत होते. लोक काहीही म्हणोत, मला त्या दिवशी हलकं वाटलं. जे आपण स्वतःचा नाकर्तेपणा समजत होतो त्याला कोणीतरी प्रश्न म्हटलं होतं.

आमच्या शाळेने तिसरीपासून वेळ नऊची केली. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम काहीही वेगळं केलं नाही. आकडे मोजले नाहीत, डोळे मिटून बसले नाही. लेक साडेसातला आपली आपण उठली. उशीवर बसून तिने मला रात्री पडलेलं स्वप्न सांगितलं. मधल्या दोन वर्षांत तिने मला एकही स्वप्न सांगितलं नव्हतं. तिला पडत नसतील असं नाही. सांगायला वेळच नव्हता.

सगळ्यांचं असं छान झालं नाही, हेही लिहायला हवं. ज्यांच्या घरी दोघंही आठच्या आत बाहेर पडतात त्यांना सातची शाळाच सोयीची होती. मूल शाळेत सोडायचं आणि तशीच लोकल गाठायची. नऊची शाळा झाल्यावर त्या मधल्या दीड तासाचं काय करायचं? माझ्या मजल्यावरच्या एका बाईला पाळणाघराचे वेगळे पैसे भरावे लागले आणि तिने मला तोंडावर सांगितलं, "तुमच्या झोपेसाठी माझा खर्च वाढला." तिच्या बोलण्याने मला लागलं, पण ती चूक बोलत नव्हती. बसवाल्यांचं गाऱ्हाणंही खोटं नाही. नऊच्या सुमाराला रस्त्यावर कचेरीवाल्यांची गर्दी असते. सातला आणि बाराला फेऱ्या करणाऱ्या गाडीचं सगळं गणित बिघडतं. आणि जिथे खोल्याच नाहीत तिथे लहानांना नऊला आणायचं तर मोठ्यांची दुपारची शाळा संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत लांबते. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या शिक्षिकेने घरी कधी पोचायचं? तिलाही घरी लेकरं आहेत.

या सगळ्या हरकतींकडे मी नीट बघते तेव्हा मला दिसतं की एकही हरकत नऊ वाजण्याच्या विरोधात नाही. एकटी शाळाच बदलली आणि बाकीचं तसंच राहिलं, त्याची ही दुखणी आहेत. शाळेने नऊला वर्ग भरवावा, पण दार साडेसातला उघडावं. एक खोली, सतरंजी, चार गोष्टींची पुस्तकं, एक ताई. ज्या मुलाला झोपायचं आहे त्याने तिथे आडवं व्हावं. त्या ताईचा पगार शाळेने, पालकांनी आणि महापालिकेने मिळून द्यावा. कचेऱ्यांनी वेळा पुढे-मागे कराव्यात. मध्य रेल्वेने गर्दी कमी व्हावी म्हणून मुंबईतल्या कार्यालयांना हेच आवाहन २०२३ मध्ये केलं होतं. रेल्वेला जे गर्दीसाठी हवं आहे तेच घराला मुलांसाठी हवं आहे, फक्त घराकडे आवाहन काढायला लेटरहेड नाही. कायद्यात पाळणाघर आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ते द्यावं लागतं. त्याच दुरुस्तीने आईची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बापाला मात्र खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस आहेत. मूल वाढवणं हे मुळात आईचं काम, बाप वरकड, असं धरून हे सगळं आखलेलं आहे आणि सकाळचं सहा पस्तीस बाईच्याच वाट्याला येतं त्याचं मूळ तिथेच आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर कोणी विचारेल, मग तुमच्यावर काहीच जबाबदारी नाही का? आहे. कंगवा वेळापत्रकाने ओढला नव्हता, मी ओढला होता. वेळ कमी होता म्हणून राग आला हे खरं, पण तो सात वर्षांच्या पोरीच्या केसांवर काढायचा हे मी ठरवलं. कचेरीत साहेबांनी त्याहून जास्त उशीर केला तर मी त्यांच्यावर ओरडत नाही. तिथे माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात आणि मी गप्प बसते. घरात मी गप्प बसत नाही, कारण समोरचं माणूस लहान आहे आणि कुठे जाणार नाही हे मला ठाऊक असतं. ही ओळख मला फार जड गेली. मोठं होणं म्हणतात ते माझ्या आयुष्यात कुठे घडलं असेल तर या एका जागी.

आपल्या घरांत आई-बाप लेकरापाशी चूक कबूल करत नाहीत. फार तर रागावल्यावर तासाभराने हाक येते, "चल, जेवायला बस, तुझ्या आवडीचं केलंय." माझ्या आईने मला मारलं की संध्याकाळी ताटात तुपाची धार जास्त पडायची. तीच तिची माफी होती आणि मला ती कळायची. पण मला वाटतं, कळण्यावर सोडू नये. तोंडाने बोलावं. त्या पावसाळी दिवसानंतर वर्षभराने, शाळा नऊची झाल्यावर, एका रात्री, मी लेकीला म्हटलं, "त्या दिवशी केस ओढले ते माझं चुकलं. तुझ्यामुळे मला उशीर होत नव्हता." तिला तो दिवस आठवत नव्हता, किंवा आठवत नाही असं तिने दाखवलं. ती इतकंच म्हणाली, "मग कोणामुळे होत होता?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. शाळा लवकर असायची, बाबा उशिरा येतात, आई रात्री भांडी घासून झोपते. ती म्हणाली, "मग बाबा घालतील वेणी." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. नऊ वर्षांच्या संसारात ही गोष्ट आम्हाला सुचली नव्हती. बाबाने साध्या दोरीवर तीन पेड घालायचा सराव केला, मग माझ्या केसांवर, मग तिच्या. पहिला आठवडा वेण्या एक वर एक खाली होत्या आणि शाळेतल्या बाईंनी विचारलं तेव्हा लेकीने अभिमानाने सांगितलं की बाबांनी घातल्या. आता सकाळ त्याची आहे. कपडे, वेणी, दप्तर, खाली सोडणं. माझ्याकडे फक्त डबा. सासूबाईंना सुरुवातीला ते पटलं नाही. पुरुषाने सकाळी सकाळी फणी घेऊन बसायचं म्हणजे काय, असं त्या दोनदा बोलल्या. हल्ली त्या स्वतः रिबिनी धुऊन, वाळवून, गुंडाळून त्याच्या हाताशी ठेवतात.

ही वाटणी सातची शाळा असतानाही करता आली असती. नाही केली, तो दोष आमचा. पण मी प्रामाणिकपणे सांगते, सातच्या शाळेत असताना आम्हा दोघांना बसून बोलायलाही सवड नव्हती. माणूस बुडत असतो तेव्हा पोहायला शिकत नाही. आधी पाय टेकायला जमीन लागते. नऊच्या शाळेने आम्हाला ती दिली आणि मग आम्ही थोडे शहाणे झालो. स्वतःला सुधारा, मग घर सुधारेल, हा क्रम आपण फार ऐकला. आमच्याकडे तो उलटा घडला आणि पुष्कळ घरांत तो उलटाच घडेल अशी माझी खात्री आहे.

आता लेकीची चौथी संपली. गेल्या आठवड्यात शाळेची सूचना आली. पाचवीचा वर्ग माध्यमिक विभागाला जोडलेला आहे, जूनपासून वेळ सकाळी सात. मी कार्यालयात जाऊन विचारलं. उत्तर सरळ मिळालं, शासन निर्णय चौथीपर्यंतच आहे.

तो चौथीपर्यंतच का, याचा मी विचार करते आहे. महाराष्ट्रात पूर्वापार प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी, आणि पाचवी हायस्कुलात. ती रेघ तिथूनच आलेली दिसते. पण शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी एकत्र मोजतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तिसरी, चौथी आणि पाचवी हा एकच टप्पा आहे. आणि शरीराचं म्हणाल तर रेघ नेमकी उलट्या जागी पडली आहे. लहान मूल लवकर झोपलं तर आपोआप लवकर उठतं. वयात येताना मात्र शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. अंथरुणात लवकर घातलं तरी त्या वयात झोप लागत नाही आणि सकाळी लवकर उठवत नाही. तो आळस नसतो. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं सांगितलं, तेही मोठ्या मुलांसाठी. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला आणि २०२२ पासून ग्रामीण भाग वगळता तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. सिएटलमध्ये २०१६ साली वेळ सात पन्नासवरून पावणेनऊ केली, तेव्हा संशोधकांनी मोजून पाहिलं. उशिरा उठायला मिळतं म्हणून मुलं रात्री जागत बसतील अशी सगळ्यांना भीती होती. प्रत्यक्षात मुलांची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढली. आपल्याकडे दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं घड्याळ जेव्हा पुढे सरकायला लागतं, त्याच महिन्यात आपण तिच्या शाळेचं घड्याळ दोन तास मागे ओढतो.

येत्या शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. तिथे मला कोणाला धारेवर धरायचं नाही. मुख्याध्यापकांपुढे खोल्यांचा प्रश्न खरा आहे हे मला माहीत आहे. मी एकच विचारणार आहे. एप्रिलमध्ये जिला नऊची गरज होती, तिला जूनमध्ये सात कसे चालतील? मधल्या सुट्टीत तिच्यात काय बदललं? आणि त्यासोबत एक लेखी अर्ज देणार आहोत. पाचवीच्या दोन तुकड्यांसाठी साडेआठची वेळ, तोवर ग्रंथालयाची खोली साडेसातपासून उघडी, आणि लवकर येणाऱ्या मुलांसोबत बसायला आळीपाळीने पालक. माझ्या मजल्यावरच्या त्या बाईने सोमवार आणि गुरुवार घेतला आहे. तिच्या धाकट्याला ती खोली हवी आहे.

अर्जावर आतापर्यंत १९ सह्या झाल्या. त्यातल्या ११ वडिलांच्या आहेत.